राहिलेला विषय काढताना

नर्सिंगचा निकाल लागला की शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या काही घरांत पेढे येतात आणि काही घरांत दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नाही. आजचं आमचं बोलणं त्या दुसऱ्या घरांसाठी आहे. जीएनएमचा, एएनएमचा किंवा बीएस्सी नर्सिंगचा एखादा विषय राहिला आहे, पुन्हा परीक्षेला बसायचं आहे, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशा मुलींसाठी. त्यांच्या आई, सासूबाई, नवरा, भाऊ यांनीही ऐकावं, कारण अर्धी तयारी त्यांच्या हातात असते.

नापास म्हणजे नेमकं काय झालं?

आधी एक गैरसमज काढून टाकू. बारावीला ३५ गुणांवर माणूस पास होतो. नर्सिंगमध्ये प्रत्येक विषयात ५० टक्के लागतात, आणि लेखी व प्रात्यक्षिक या दोन्हींत ते वेगवेगळे लागतात. बहुतेक लेखी विषयांत १०० पैकी ७५ गुण बोर्डाच्या पेपरचे आणि २५ कॉलेजच्या अंतर्गत परीक्षांचे असतात. म्हणजे ४७ गुण मिळालेली मुलगी इथे नापास ठरते. गावात मात्र 'पोरगी नापास झाली' एवढंच पोचतं. तीन गुण कमी पडले, हे कुणी सांगत नाही.

हा निकष कडक का, तेही समजून घेऊ. शाळेतल्या गणितात चूक झाली तर गुण जातो. नर्सकडून औषधाच्या मात्रेत चूक झाली तर माणूस जातो. उपकेंद्रावर रात्री बाळंतीण आली तर तिथली सिस्टर एकटी असते. डॉक्टर येईपर्यंतची वीस मिनिटं तिनेच सांभाळायची असतात. म्हणून परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून सरकारी भरतीचा अर्ज भरता येत नाही. नोंदणी नसलेली मुलगी खासगी दवाखान्यात सिस्टरचं सगळं काम करते, पण पगाराच्या कागदावर ती मदतनीसच राहते. एका राहिलेल्या विषयाची खरी किंमत ही आहे. म्हणून तो सोडून द्यायचा नाही.

पहिल्या आठवड्यातली कामं

निकालानंतरचा पहिला आठवडा रडण्यात गेला तर जाऊ द्या, पण त्यातच चार कामं उरकून घ्या.

पहिलं, गुणपत्रिका घेऊन कॉलेजात जा. लेखीत राहिलात की प्रात्यक्षिकात, अंतर्गत गुण किती आणि पेपरचे किती, ते वेगवेगळं लिहून घ्या. दुसरं, गुणपडताळणीचा अर्ज करायचा असेल तर त्याची शेवटची तारीख विचारा. ही मुदत थोडी असते, महिनाभराने जाऊन उपयोग नसतो. तिसरं, पुन्हा परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा, फी किती, अंतर्गत गुण वाढवायची संधी आहे का, हे विचारून घ्या. चौथं, अभ्यासक्रम पूर्ण करायला कमाल मुदत असते. ती आपल्या प्रवेशाच्या वर्षापासून किती, हे कार्यालयातून कळून घ्या. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणत राहणाऱ्या मुलींना ही मुदत फार उशिरा कळते.

एएनएम आणि जीएनएमच्या परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. बीएस्सी नर्सिंगच्या परीक्षा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत. दोन्हींचे नियम वेगळे असतात आणि ते बदलतातही. म्हणून मैत्रिणीच्या सांगण्यावर किंवा व्हॉट्सॲपवरच्या जुन्या परिपत्रकावर विसंबू नका. कार्यालयातलं ताजं परिपत्रक पाहा.

गुण कुठे गेले?

आता सगळ्यात महत्त्वाचं. नापास झालेली मुलगी पुन्हा तयारीला लागते म्हणजे बहुतेक वेळा काय करते? तेच पुस्तक पहिल्या पानापासून उघडते आणि तेच वाचते. पहिल्या दोन धड्यांवर पेन्सिलीच्या रेघा दुप्पट होतात, शेवटचे धडे पुन्हा कोरे राहतात. ज्या तयारीने ४७ मिळाले, तीच तयारी पुन्हा केली तर पुन्हा ४७ च्या आसपासच मिळणार. दुसऱ्या वेळची तयारी पहिल्या वेळेपेक्षा जास्त असून भागत नाही, ती वेगळी असावी लागते. आणि वेगळं काय करायचं ते कळायला, गुण कुठे गळले ते आधी शोधावं लागतं.

अमेरिकेत नर्सच्या नोंदणीसाठी 'एनक्लेक्स' नावाची परीक्षा असते. आपल्या देशातल्याही अनेक नर्स ती देतात. तिथे नापास झालेल्या उमेदवाराला एक अहवाल मिळतो. विषयाच्या प्रत्येक भागापुढे लिहिलेलं असतं, तुम्ही पास होण्याच्या पातळीच्या वर आहात, जवळ आहात की खाली. पुन्हा परीक्षेला बसायला किमान ४५ दिवस थांबावं लागतं. तिथे 'नर्स प्रॅक्टिशनर' नावाची आणखी वरची पायरी आहे. या नर्स रुग्ण तपासतात, निदान करतात, औषधही लिहून देतात. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने हे शिक्षण सुरू केलं. त्यांच्या एका प्रमाणपत्र परीक्षेत नापास झालं, तर जो भाग कच्चा निघाला त्याचं किमान १५ तासांचं शिक्षण घेतल्याचा पुरावा द्यावा लागतो. तो दिल्याशिवाय दुसऱ्यांदा बसू देत नाहीत. सगळं पुस्तक पुन्हा वाचा असं तिथे कुणी सांगत नाही. कच्चं आहे तेवढं पक्कं करा, एवढंच सांगतात.

आपल्या हातात असा अहवाल येत नाही, नुसता आकडा येतो. मग तो अहवाल आपणच करू. नापास झालेल्या पेपरची प्रश्नपत्रिका मिळवा. प्रत्येक प्रश्नापुढे, आपण त्या दिवशी काय लिहिलं होतं ते आठवून, चारपैकी एक अक्षर लिहा.

'अ' म्हणजे हे मला माहीतच नव्हतं. 'ब' म्हणजे वाचलं होतं, पण आठवलं नाही किंवा अर्धंच आठवलं. 'क' म्हणजे आठवत होतं, पण इंग्रजीत लिहिता आलं नाही. 'ड' म्हणजे येत होतं, पण वेळ संपला किंवा प्रश्न नीट वाचला नाही.

समजा मिडवायफरीच्या पेपरात ७५ पैकी २७ मिळाले, म्हणजे ४८ गुण गेले. त्यातले 'अ' मध्ये १२, 'ब' मध्ये २०, 'क' मध्ये ६ आणि 'ड' मध्ये १० निघाले. या मुलीला वाटत होतं की आपल्याला काहीच येत नाही. पण तिला खरंच माहीत नव्हतं ते १२ गुणांचंच. बाकीचे ३६ गुण माहीत असून गेले. प्रत्येक अक्षराचा उपाय वेगळा आहे. 'अ' साठी शिकवणारं माणूस हवं, म्हणजे मॅडम, वॉर्डातली सीनियर सिस्टर किंवा पास झालेली मैत्रीण. बाकी तिन्हींचे उपाय आपल्याच हातात आहेत.

पुस्तक मिटून अभ्यास

'ब' चा ढीग बहुतेकींचा सगळ्यात मोठा असतो. वाचताना सगळं येतं असं वाटतं, पेपरात हात थांबतो. याचं कारण शोधणारा एक प्रयोग २००६ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी केला. विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल ते कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा उलटं झालं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्केच आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६.

आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते. म्हणून एक धडा एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरा. तोच धडा दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी पुन्हा असाच लिहून काढा. लाल अक्षरं दर वेळी कमी होत जातील. हा अभ्यास वाचण्यापेक्षा जड जातो, डोकं दुखतं, आपल्याला काही येत नाही असं वाटतं. ते वाटू द्या. चुलीपाशी बसून नुसतं बघितल्याने भाकरी थापता येत नाही, तसंच हे आहे.

पेशंट डोळ्यांसमोर ठेवा

नर्सिंगची उत्तरं पाठ करण्यापेक्षा माणसाला जोडून लक्षात ठेवली तर क्रम चुकत नाही. तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव. परीक्षेत नेहमी येणारा प्रश्न. आता अशी कल्पना करा की न्हावऱ्याच्या बाजूच्या एका वस्तीवरची बाई आहे, तिसरं बाळंतपण, बाळ सुखरूप झालंय, पण अंगावरून जाणं थांबत नाही. व्याख्या आधी: योनीमार्गे प्रसूतीनंतर २४ तासांच्या आत ५०० मिलीलिटर किंवा जास्त रक्त गेलं तर तो रक्तस्राव. मग कारणं चार: गर्भाशय आवळलं नाही, कुठे फाटलं आहे, वारेचा तुकडा आत राहिला आहे, किंवा रक्त गोठत नाही. मग टाळण्याचा उपाय: बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत. मग आपण काय करणार ते हाताच्या क्रमाने: मदतीला हाक, पोटावरून गर्भाशय चोळणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, सलाईन आणि औषध चालू करणं, वार पुरी आली का आणि कुठे फाटलंय का बघणं, नाडी आणि बीपी पाहत राहणं, वरच्या दवाखान्यात पाठवायची तयारी. शेवटी नोंदी. बघा, पेशंट समोर आणला की उत्तर आपोआप ओळीत येतं.

दुसरं, जुलाब झालेलं मूल. गळीत हंगामात आपल्या दोन्ही तालुक्यांत ऊसतोड कामगारांचे तळ पडतात. तिथलं ८ किलोचं, वर्षाचं पोर घ्या. डोळे खोल गेलेत, चिडचिडं झालंय, पाणी दिलं की अधाशासारखं पितंय, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू जागेवर जाते. म्हणजे काही प्रमाणात शुष्कता आहे. चार तासांत ओआरएस किती? किलोला ७५ मिलीलिटर, म्हणजे ८ गुणिले ७५, बरोबर ६०० मिलीलिटर. शिवाय रोज २० मिलिग्रॅम झिंक, १४ दिवस, जुलाब आधी थांबले तरी. आईला काय सांगाल? अंगावरचं दूध चालू ठेवा, पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात कालवा, मूल सुस्त पडलं किंवा पिईनासं झालं तर लगेच आणा. आणि कम्युनिटी हेल्थचा प्रश्न इथेच जोडला जातो: या पोराचं लसीकरणाचं कार्ड गावाकडे राहिलंय, आता काय करायचं? आईला विचारून, हातावर बीसीजीचा व्रण आहे का ते बघून, राहिलेल्या लसींचा हिशेब कसा लावाल, ते लिहा.

तिसरं, अपगार गुण. व्हर्जिनिया अपगार या अमेरिकन डॉक्टरबाईंनी १९५३ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. रंग, नाडी, प्रतिसाद, हातापायांची हालचाल, श्वास, या प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण, पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला. बाळाचं अंग गुलाबी पण हातपाय निळे, १. नाडी मिनिटाला ११०, २. डिवचलं की नुसतं तोंड वेडावतं, १. हातपाय थोडे दुमडलेले, १. श्वास मंद आणि अनियमित, १. बेरीज ६. तोंडी परीक्षेत पुढचा प्रश्न ठरलेला असतो: श्वास घेत नसलेल्या बाळाला मदत द्यायला पहिल्या मिनिटाच्या गुणांची वाट बघायची का? नाही. मदत लगेच सुरू करायची.

इंग्रजी आणि गणित

आपल्याकडच्या बहुतेक मुली मराठी शाळेतून येतात आणि जीएनएमची पुस्तकं इंग्रजीत असतात. 'क' चा ढीग तिथून येतो. उपाय असा: धडा आधी मराठीत समजून घ्या. घरातल्या कुणालातरी, वहिनीला किंवा आत्याला, तो गोष्टीसारखा सांगा. त्यांना समजला तर तुम्हाला समजला. मग त्या धड्यातले दहाच इंग्रजी शब्द वहीत लिहा, स्पेलिंगसकट, आणि त्या दहा शब्दांची लहान लहान वाक्यं करा. परीक्षकाला सुंदर इंग्रजी नको असतं. मुद्दे सुटे, अंक घातलेले, आकृतीला नावं दिलेली, एवढं असलं की गुण पडतात. उत्तराचा साचा ठरवून ठेवा: व्याख्या, कारणं, लक्षणं, तपासण्या, उपचार, नर्सने करायची कामं, रुग्णाला द्यायची माहिती. कुठल्याही आजाराचं उत्तर या साच्यात बसतं. यात नर्सने करायची कामं सगळ्यात जास्त लिहायची, कारण पेपर नर्सिंगचा आहे.

गणिताला घाबरू नका. सलाईनचे थेंब काढायचं सूत्र एकच: एकूण मिलीलिटर गुणिले सेटचे थेंब, भागिले एकूण मिनिटं. ५०० मिलीलिटर सलाईन ५ तासांत द्यायचं आहे, सेटमधून एका मिलीलिटरला १५ थेंब पडतात. ५०० गुणिले १५ म्हणजे ७५००. पाच तास म्हणजे ३०० मिनिटं. ७५०० भागिले ३००, उत्तर मिनिटाला २५ थेंब. रोज असं एकच गणित आकडे बदलून करा. महिन्यात हात बसतो.

प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा

प्रात्यक्षिकात राहिलेल्या मुलींना बहुतेक वेळा काम येत असतं. वॉर्डात ते रोज करतात. पण परीक्षकासमोर क्रम सुटतो, किंवा काम करताना बोलता येत नाही. म्हणून घरी तोंडाने बोलत करायची सवय लावा. हात धुण्यापासून सुरुवात करा: काय करते आहे, का करते आहे. उशीचं पोट करून गर्भवतीची तपासणी करा, बाहुलीला घेऊन बाळाला श्वास देण्याचे टप्पे करा. मैत्रीण यादी हातात धरून बसेल आणि सुटलेल्या पायरीवर खूण करेल. रुग्णाला नाव विचारणं, परवानगी घेणं, पडदा ओढणं, या पायऱ्या सगळ्यात जास्त सुटतात आणि त्यांनाही गुण असतात.

पार्टोग्राफ हा आणखी एक अडणारा भाग. रोज एक कोरा तक्ता भरा. गर्भाशयाचं तोंड ४ सेंटिमीटर उघडल्यापासून नोंद सुरू, अलर्ट रेषा तासाला १ सेंटिमीटरने वर जाते, ॲक्शन रेषा तिच्या उजवीकडे ४ तासांवर. आलेख अलर्ट रेषेच्या उजवीकडे सरकू लागला की आपल्या उपकेंद्रावरून बाईला हलवायची वेळ झाली, हे परीक्षेतही लिहायचं आणि आयुष्यभर लक्षात ठेवायचं.

वेळ कुठून आणायचा?

पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या पुष्कळ मुली आता नोकरी करतात किंवा त्यांचं लग्न झालेलं असतं. कुणाला बारा तासांची ड्यूटी, कुणाच्या मांडीवर मूल. त्यांना रोज सहा तास अभ्यास करा म्हणणं म्हणजे थट्टा आहे. बारा आठवडे आणि रोजचा दीड तास, एवढं धरून चालू.

पहिले दोन आठवडे चार अक्षरांचा हिशेब आणि 'अ' मधले धडे कुणाकडून तरी समजून घेणं. पुढचे सहा आठवडे पुस्तक मिटून लिहिणं. त्यापुढचे दोन आठवडे जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवणं. 'ड' चा उपाय हाच. तीन तासांत ७५ गुण, म्हणजे दहा गुणांच्या प्रश्नाला चोवीस मिनिटं. पंचविसावं मिनिट लागलं की पुढच्या प्रश्नाला जायचं. शेवटचे दोन आठवडे नवं काही वाचायचं नाही, लाल पेनाने भरलेलंच बघायचं.

दीड तास सलग मिळायला हवा असं नाही. दौंडहून पुण्याला जाणारी गाडी पाटस, कडेठाण, केडगाव, खुटबाव, यवत, उरुळी करत जाते. दोन स्टेशनांच्या मध्ये एक प्रश्न मनात सोडवायचा. उभं राहायला जागा नसली तरी डोळे मिटून आठवायला पुस्तक लागत नाही. शिरूरकडच्या मुलींना नगर रस्त्यावर शिकरापूर-वाघोलीची कोंडी आहेच, ती एरवी शिव्या देण्यात जाते. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर एका अंगाला प्रश्न, दुसऱ्या अंगाला उत्तर लिहा आणि पर्समध्ये ठेवा.

उसाच्या पट्ट्यात बिबट्याच्या भीतीने अंधार पडल्यावर मुलीला बाहेर पाठवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मग संध्याकाळी मैत्रिणीकडे जाण्याऐवजी फोनवर अर्धा तास एकमेकींना प्रश्न विचारा. विषय वेगळा असला तरी चालतं. विचारणारीला उत्तर यायची गरज नसते, पुस्तक तिच्या हातात असतं.

घरच्यांसाठी चार शब्द

आई-वडिलांनो, सासूबाई, एक विषय राहिला म्हणजे तीन वर्षं आणि भरलेली फी पाण्यात गेली, असं समजू नका. सुटलेले विषय सुटलेलेच राहतात, राहिला तेवढाच काढायचा असतो. 'आता बास, स्थळं बघू' हा निर्णय निकालाच्या आठवड्यात घेऊ नका. परीक्षेपर्यंत रोजचा दीड तास तिचा आहे, तेवढा वेळ तिला पाणी भरायला, धुण्याला हाक मारायची नाही, एवढं एक पाळा. फी देण्याइतकीच ही मदत मोठी आहे. आणि चारचौघांत निकालाचा विषय काढू नका.

मुलगी जेवत नसेल, झोपत नसेल, जगून काय उपयोग असं बोलत असेल, तर ते नाटक समजू नका. तिला एकटं सोडू नका. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं. मुलींनो, हा नंबर तुम्ही स्वतःही लावू शकता.

आणखी एक सावधगिरी. निकालानंतर काही लोक घरी येतात. 'पास करून देतो', 'सहा महिन्यांत नर्सचं सर्टिफिकेट देतो' म्हणतात. असा कागद परिचर्या परिषदेच्या नोंदणीला चालत नाही. पैसे जातात आणि मुलीचं नाव खराब होतं. कुठल्याही संस्थेत पैसे भरण्याआधी ती भारतीय परिचर्या परिषदेच्या आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या मान्यता यादीत आहे का, ते पाहा.

या परीक्षेच्या पुढे काय आहे

केडगावच्या मुक्ती मिशनवरून आपण नेहमी जातो-येतो. ते उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देताना हिंदुस्थानातल्या बायकांसाठी बाई डॉक्टर हव्यात असं मांडलं होतं. १८८३ मध्ये त्या स्वतः वैद्यक शिकायला इंग्लंडला गेल्या. पण त्यांना ऐकायला कमी येत होतं आणि त्या शिक्षणाचं दार बंद झालं. त्यांनी दुसरं मोठं काम उभं केलं, तो इतिहास आहे. तुमच्यापुढचं दार मात्र बंद झालेलं नाही. तीन-चार गुणांनी ते अडकलं आहे.

त्या दाराच्या पलीकडे आज पूर्वीपेक्षा जास्त वाटा आहेत. २०१८ पासून देशभर उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं होऊ लागली आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी हे नवं पद आलं. गावातच बीपी-शुगर तपासणं, औषधं देणं, कुणाला पुढे पाठवायचं ते ठरवणं, हे त्यांचं काम. नर्सिंग झालेल्यांना त्या पदाचा मार्ग आहे. त्याच वर्षी केंद्र सरकारने मिडवायफरीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. जीएनएम किंवा बीएस्सी झालेल्या नर्सने दीड वर्षाचं जादा शिक्षण घेऊन 'नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफ' व्हावं, साधी बाळंतपणं स्वतःच्या जबाबदारीवर करावीत, असं त्यात ठरलं. या सगळ्या वाटा नोंदणीच्या कागदापासून सुरू होतात, आणि तो कागद राहिलेल्या विषयापाशी थांबला आहे.

तर आज रात्री एवढंच करा. प्रश्नपत्रिका शोधा. अ, ब, क, ड लिहा. गुणांची बेरीज करा आणि सगळ्यात मोठा ढीग कुठला ते बघा. पुढच्या भागात आम्ही औषधाच्या मात्रेची दहा गणितं तुमच्याबरोबर सोडवणार आहोत, वही आणि पेन घेऊन बसा.